कमी पळालेली फेरारी ३२८ की भरपूर पळालेली ९११? सल्ला हवाय (भांडणं चालतील)

अर्धा_क्लच

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता स्वतःवर आली म्हणून धागा काढतोय.

दोन गाड्या समोर आहेत. एक फेरारी ३२८ जीटीएस, १९८८ ची, एकाच मालकाची, मीटरवर १९ हजार किलोमीटर. लाल. मालकाने ती जपली, पण इतकी जपली की गेली कित्येक वर्षं आच्छादनाखालून बाहेरच काढलेली नाही. दुसरी पोर्शे ९११ एससी, १९८२ ची. चार मालक, २ लाख १० हजार किलोमीटर, डाव्या दाराला ओरखडा आणि सोबत एक फाईल. फाईल उचलायला दोन हात लागतात.

मन पहिलीवर, डोकं दुसरीवर. पैशांचं गणित माझं मी मांडलंय, त्यात पडू नका. गाडी म्हणून कोणती घ्यावी ते सांगा. भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण मधेमधे उत्तरही द्या.

लालघोडा

यात विचारायचं काय? ३२८. धागा बंद करा.

३१८५ सीसीची व्ही८ पाठीमागे आडवी बसवलेली, २७० अश्वशक्ती आणि गिअरला ती उघडी धातूची जाळी. दांडी खोबणीत पडते तेव्हा 'टक्' असा जो आवाज येतो ना, त्यासाठी माणूस उगाच गिअर बदलतो. गाडी थंड असताना दुसरा गिअर पडत नाही, तेल तापेपर्यंत पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जायचं. नवीन माणसाला वाटतं गिअरबॉक्स गेला. गेलेला नसतो, झोपेत असतो.

माझ्याकडे ३०८ आहे, चार वेबर कार्ब्युरेटरवाली. ३२८ म्हणजे तीच गाडी, शहाणी झालेली.

मागचं_इंजिन

लालघोडा भाऊ, तुमची ३०८ गेल्या वर्षभरात किती दिवस चालली आणि किती दिवस जॅकवर होती, तेही सांगून टाका.

धागाकर्ते, एससी घ्या. ३ लिटर, हवेवर थंड होणारं इंजिन, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, कूलंटच्या नळ्या नाहीत. जे नाहीच ते फुटणार कसं? कॅमशाफ्ट चेनवर चालतो, बेल्टची कटकट नाही. १९७६ च्या मॉडेलपासून बॉडीचा पत्रा जस्त चढवलेला. २ लाख १० हजार ऐकून घाबरू नका. या इंजिनाला तेवढं म्हणजे मधलं वय.

लालघोडा

"जे नाहीच ते फुटणार कसं", वा! मग हेड स्टड, म्हणजे सिलिंडरचं डोकं घट्ट धरणारे बोल्ट, कुणाचे तुटतात? चेन ताणून धरणारे टेन्शनर कुणाचे निकामी होतात? आणि वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की मागची बाजू पुढे यायला बघते ती कुणाची?

मागचं_इंजिन

वळणात पाय सोडायचाच नाही. गाडी माणसाला शिस्त लावते. काही गाड्या फक्त बिलं लावतात.

बैलोबा

दोन घोडेवाले भांडतायत आणि बैलाला कुणी विचारत नाही. :)

घोडेवाले म्हटलं कारण दोन्ही बिल्ल्यांवर घोडाच आहे. फेरारीचा घोडा पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावरचा, पोर्शेचा घोडा श्टुटगार्ट शहराच्या चिन्हातला. दोघांपेक्षा उशिरा, १९६३ साली ट्रॅक्टरवाला फेरुचो लाम्बोर्गिनी आला आणि त्याने बैल आणला, कारण रास वृषभ. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा, तक्रार घेऊन गेला तर एन्झो फेरारींनी उडवून लावलं, मग पठ्ठ्याने स्वतःच कारखाना काढला, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की तिला आता मीठमसाला किती लागलाय ते देवच जाणे. पण तीन वर्षांत, १९६६ ला, त्याने मिउरा आणली आणि व्ही१२ आडवी टाकून माणसाच्या पाठीमागे बसवली, हे तर खरं.

वाचनमात्र_२

बैलोबा, तुमच्याकडे कोणती आहे?

बैलोबा

पोस्टर. पण ते १९८६ पासून आहे, आणि एकदाही बंद पडलेलं नाही.

चक्रधारिणी

बैलोबा +१. सगळ्यात विश्वासू लाम्बोर्गिनी काउंटाच भिंतीवरचीच.

खरीत एकदा बसलेय, शेजारच्या सीटवर. मागचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. रिव्हर्स घ्यायची तर चालवणारा दार वर उचलतो, उंबऱ्यासारख्या त्या रुंद कडेवर बसतो, अर्धं अंग बाहेर काढतो आणि मान वळवून एका हाताने स्टीयरिंग फिरवतो. काचेचा फक्त एक लहानसा तुकडा खाली जातो, बाकी काच तशीच. आत इंजिनाची धग. उतरले तेव्हा घामाने भिजले होते आणि हसू थांबत नव्हतं. व्यवहार म्हणून शून्य गुण, बाकी पैकीच्या पैकी.

माझ्याकडे होंडा एनएसएक्स आहे, त्यामुळे तुमच्या कोणत्याच पंगतीत मला पान नाही हे माहीत आहे.

लालघोडा

चक्रधारिणी ताई, एनएसएक्स चांगलीच आहे हो. पण सकाळी चावी फिरवताना पोटात गोळा येत नाही, हा तिचा दोष.

चक्रधारिणी

अगदी याच 'दोषा'मुळे १९९० साली सगळ्यांची झोप उडाली. ॲल्युमिनियमची अखंड बॉडी, सुझुकाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनवाल्या आयर्टन सेन्नाने चालवून दिलेले सल्ले, आणि वर रोज कामाला नेता येते. तेव्हा तिच्यासमोर होती फेरारीची ३४८. त्या ३४८ मध्ये बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली उतरवायला लागतं.

आणि 'जपानी म्हणजे काही बघावंच लागत नाही' असंही नाही. एनएसएक्सलाही टायमिंग बेल्टच आहे, आणि सुरुवातीच्या काही पाच-गिअरवाल्या गाड्यांत गिअरबॉक्समधली एक साधी स्नॅप रिंग तुटण्याची भानगड आहे. रिंग बोटभर, काम गिअरबॉक्स उघडण्याचं.

तेलकट_हात

उशीर झाला यायला. सगळे प्रतिसाद वाचले. बिल्ल्यावर सगळे बोलले, पण गाडी शेवटची सुरू कधी झाली हे धागाकर्त्याला कुणीच विचारलं नाही.

मी तीसेक वर्षं याच गाड्यांत हात काळे करतोय, आणि माझा अनुभव असा की पळून खराब झालेल्या गाड्यांपेक्षा उभ्या राहून खराब झालेल्या गाड्या जास्त आल्या. पळालेली गाडी काय झिजलंय ते आवाजाने सांगते. उभी गाडी गप्प असते आणि दिसते सुंदर.

उभ्या ३२८ मध्ये काय काय होतं ते सांगतो. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पितं, तो ओलावा कॅलिपरमध्ये आतून गंज धरतो आणि पिस्टन अडकतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. सील सुकतात, सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काही नाही, दुसऱ्या आठवड्यात सगळीकडून तेल. टायमिंग बेल्ट रबराचा. तो एकाच आकारात वर्षानुवर्षं वाकून बसला की किलोमीटर किती झाले याला अर्थ उरत नाही. माझ्या गॅरेजात तीन ते पाच वर्षांपलीकडचा बेल्ट मी सुरू करूनही बघत नाही. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, पुढचं सांगायला नको. बेल्टसोबत टेन्शनरची बेअरिंगही बदलायची. बेल्ट नवा आणि बेअरिंग जुनं ठेवून पैसे वाचवणारे परत येतात, गाडी टोइंगवर घालून.

त्यातल्या त्यात ३२८ चं बरं. इंजिन आडवं असल्याने बेल्टचं काम गाडीतच होतं. ३४८ आणि ३५५ मध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, लावलं आणि बेल्ट थेट सीटमागच्या भिंतीशी गेले, म्हणून इंजिन उतरवणं आलं. फेरारीच्याच टेस्टारोसाचं तर मागच्या सबफ्रेमसकट अख्खं बाहेर येतं. ३६० मध्ये सीटमागे झाकण दिलं, आणि ४३० मध्ये एकदाची चेन आली. इतकी वर्षं लागली.

आता गंमत. तुम्ही ज्या दोन गाड्यांवरून भांडताय, त्या दोन्हींच्या पोटात पेट्रोल देणारी यंत्रणा एकच आहे: बॉशची के-जेट्रॉनिक. ३२८ लाही तीच, एससीलाही तीच. बैलोबा, अमेरिकेसाठी बनलेल्या काउंटाच क्वात्रोव्हालव्होलेलाही तीच. माझ्याकडे पेट्रोलचा दाब मोजायचं एकच गेज आहे, लाल, चंदेरी, पिवळी, सगळ्यांना तेच लावतो.

मागचं_इंजिन

तेलकट_हात, दंडवत. माझ्या एससीने मला के-जेट्रॉनिक कशी शिकवली ते सांगतो. घेतली त्याच थंडीत, इंजिन गार, मी स्टार्टर मारला आणि मागून 'धप्प' असा आवाज. झाकण उघडलं तर प्लॅस्टिकचा एअरबॉक्स चिरलेला. थंड इंजिनात जादा सोडलेलं पेट्रोल त्या डब्यातच पेटतं. त्यावर उपाय म्हणून डब्याला भोक पाडून स्प्रिंगचं झाकण बसवतात, स्फोट झाला तर झाकण उडून दाब बाहेर जातो. आधीच्या मालकाने बसवलं नव्हतं. फाईलमध्ये त्याचं बिल नव्हतं आणि मी तेवढं बघितलं नाही, चूक माझीच.

तेव्हा धागाकर्ते, एससीच्या फाईलमध्ये तीन गोष्टी शोधा. एअरबॉक्सचं ते झाकण. तेलाच्या दाबावर चालणारे चेन टेन्शनर, जे कारखान्याने १९८४ च्या ३.२ करेरापासून दिले आणि जुन्या गाड्यांना मागाहून बसवता येतात. आणि हेड स्टडचं काम झालंय का.

लालघोडा

स्टडचं मी आधीच म्हटलं होतं, तेव्हा मला वेड्यात काढलं.

तेलकट_हात

स्टड बघायला इंजिन उघडावं लागत नाही. खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढा. तुटलेल्या स्टडचा नट बरेचदा तिथेच पडलेला सापडतो. दुधाचा दात पडावा तसा. आणि तेल बघाल तर इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाटीवर. तेलाची टाकी वेगळी आहे, बंद इंजिनात तेल मोजायची काडी काहीही दाखवते. या एका गोष्टीमुळे जास्तीचं तेल ओतून एअर फिल्टर बुडवणारे दरवर्षी भेटतात.

३२८ कडे जाल तेव्हा इंजिन सुरू करू देऊ नका. मालक हौसेने म्हणेल, बॅटरी आणलीय, मारू का? नाही म्हणा. एअर फिल्टर काढून आतली चकती हाताने हलवा. हवा आत येते तशी ही चकती सरकते, तिच्या दांडीने एक छोटा दट्ट्या हलतो आणि तेवढ्या प्रमाणात पेट्रोल जातं. सगळी यंत्रणा म्हणजे इतकंच. पेट्रोल सुकून चिकट झालं की दट्ट्या अडकतो. इग्निशन बंद ठेवून करा, नाहीतर पेट्रोल सिलिंडरमध्ये भरत बसाल.

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. टायरच्या बाजूला उत्पादनाचा कोड असतो: चार आकडे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३०९ म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. खाचा किती खोल ते बघू नका, कोड बघा.

लालघोडा

पेट्रोलच्या नळ्यांचं राहिलं. ते मी सांगतो, कारण त्यात माझं घर जळता जळता राहिलं.

एका संध्याकाळी गॅरेजात पेट्रोलचा वास आला. अगदी पुसट. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला थोडा वास येतोच, अशी मनाची समजूत घालून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बॅटरी दिवा घेऊन आत वाकलो. नळी वरून काळीभोर, क्लिप जागच्या जागी, गळती कुठे दिसेना. मग ती चिमटीत धरून वाकवली, आणि सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा उघडल्या. एका भेगेत थेंब आला, फुगला आणि खाली पडला. खाली काय होतं? गरम होणारा एक्झॉस्ट.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. दिसायला नळी धडधाकट असली तरी सगळ्या बदला. इथेनॉल सोसणारी घ्या, इंजेक्शनसाठी एसएई जे३० आर९ असं छापलेली असते. आणि गॅरेजात अग्निशामक हवाच, दाराजवळ. गाडीच्या मागे नको. आग लागली की तिकडे जाता येत नाही.

बैलोबा

मिउराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तिच्या आगींची कारणंही अशीच. कार्ब्युरेटर इंजिनाच्या माथ्यावर, गाडी जागेवर धुसफुसत उभी राहिली की पेट्रोल वर साचायचं, आणि एखादी ठिणगी पुरे.

वाचनमात्र_२

एक बाळबोध प्रश्न. टेस्टारोसाच्या बारा सिलिंडरना 'बॉक्सर' म्हणायचं की नाही? कुठे हो, कुठे नाही.

तेलकट_हात

अवांतर आहे, पण आवडता विषय. फेरारीने स्वतः आधीच्या गाडीला 'बर्लिनेत्ता बॉक्सर' नाव दिलं, म्हणून घोटाळा. खऱ्या बॉक्सरमध्ये, म्हणजे ९११ सारख्या इंजिनात, समोरासमोरच्या दोन पिस्टनना वेगवेगळे क्रँकपिन (क्रँकशाफ्टवरची पिस्टनचा दांडा जोडायची जागा) असतात. दोघे एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, मुष्टियोद्ध्याने दोन्ही हातमोजे एकमेकांवर आपटावेत तसे. फेरारीच्या बारांत समोरासमोरची जोडी एकाच क्रँकपिनवर असते; एक आत तर दुसरा बाहेर. म्हणजे तो १८० अंशांत उघडलेला व्ही१२ झाला. सपाट आहे, बॉक्सर नाही.

मागचं_इंजिन

हे मी छापून लावणार आहे. म्हणजे बॉक्सरसुद्धा आमचाच.

लालघोडा

घ्या, घ्या. चार सिलिंडर जास्त असते तर तुम्हीही नावाबद्दल एवढे हळवे झाला नसता.

चक्रधारिणी

सहाचे बारा व्हायला चार नाही, सहा लागतात, लालघोडा. व्ही८ वाल्यांचा हिशोब. :)

धागाकर्ते, एक माझं. पार्ट मिळतात का, हे आज विचारून घ्या. बेअरिंग, नळ्या, ब्रेक या गोष्टी कुठून ना कुठून मिळतात. अडतं ते फालतू वस्तूंपाशी: दाराची आतली कडी, काचेभोवतीचं रबर, डॅशबोर्डचं बटण. निदान छोट्या कारखान्यांनी हे भाग साध्या गाड्यांतून उचललेले असतात. लोटस एस्प्रीचा एक सुरुवातीचा मालक मागच्या दिव्यांसाठी हवालदिल झाला होता, मग कळलं की ते फियाट एक्स१/९ चेच आहेत. शेवटच्या काळातल्या लाम्बोर्गिनी डियाब्लोचे पुढचे दिवे निसान ३००झेडएक्सचे. बिल्ला बदलला की त्याच काचेची किंमत बदलते, म्हणून भाग कुठून आला ते आधी शोधायचं.

अर्धा_क्लच

सगळ्यांचे आभार. दोन्ही गाड्या बघून आलो. तेलकट_हात यांची यादी खिशात घेऊनच गेलो होतो.

एससी: मालकाने विचारायच्या आधीच खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढून दाखवलं. आत नट वगैरे काही नाही. टेन्शनरचं बिल आहे, एअरबॉक्सचं झाकण आहे. सुरू केली, पहिल्या झटक्यात. वीस मिनिटं चालवली, मग सपाटीवर उभी करून तेल बघितलं. कंटाळा यावा इतकं सगळं ठीक.

३२८: आच्छादन काढलं तेव्हा दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग कामाला लागलो. टायरवर कोड शोधला, सापडेना, कारण मी चार आकडे शोधत होतो. आकडे तीनच होते, ४१७.

तेलकट_हात

तीन आकडी कोड २००० च्या आधीचा. एक्केचाळिसावा आठवडा, सातने संपणारं वर्ष.

अर्धा_क्लच

हो, १९९७. फाईलमधलं शेवटचं मोठं बिलही १९९७ चंच निघालं, टायर आणि बेल्ट एकाच वेळी बदललेले. टाकीचा वास वॉर्निशसारखा. चकती हलवली, अर्ध्यावर अडकली. मागचं उजवं चाक फिरतच नाही. मालक म्हणाला, "बॅटरी आणलीय, मारू का?" मी एवढ्या जोरात नाही म्हणालो की तो दचकला.

मागचं_इंजिन

मग काय, अभिनंदन! एससीचे फोटो टाका.

अर्धा_क्लच

३२८ घेतली.

मागचं_इंजिन

...

चक्रधारिणी

मला हे आच्छादनाच्या वाक्यालाच कळलं होतं.

लालघोडा

या, या, बसा. जॅक आहे का घरी? दोन लागतील.

अर्धा_क्लच

मला माहीत आहे तुम्ही सगळे काय म्हणणार. एससी माझ्या एका मित्राने घेतली, त्यामुळे फाईलही वाया गेली नाही. ३२८ शनिवारी ट्रेलरवरून येतेय. सुरुवात कुठून करू?

तेलकट_हात

ट्रेलरवरून आणताय हे बरं केलंत. आता ऐका. चावी तुमच्या खिशात न ठेवता घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, म्हणजे मोह होणार नाही.

बॅटरीची तार काढूनच ठेवा. मग टाकी रिकामी करा, आणि ते पेट्रोल दुसऱ्या कोणत्याही गाडीत घालू नका. नळ्या सगळ्या नव्या, पेट्रोलचा फिल्टर नवा, टाकी आतून बघा. पेट्रोलचा वितरक, म्हणजे सिलिंडरना पेट्रोल वाटून देणारा तो दट्ट्यावाला भाग, काढून जाणत्या माणसाकडे धुवायला पाठवा, स्वतः उघडू नका, त्यातला दट्ट्या इतक्या घट्ट मापाचा असतो की बोटावरची धूळसुद्धा चालत नाही. तो परत येईपर्यंत बेल्ट, बेअरिंग आणि चारही कॅलिपर. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग इंजिन पान्याने हाताने फिरवा. पूर्ण दोन फेरे. कुठेही अडलं तर तिथेच थांबा आणि इथे लिहा.

फ्यूजचा बोर्डही काढून मागून बघा. या काळातल्या फेरारींत तिथे जोड तापतात, प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसेल.

टायर शेवटी. जुन्यांवर गॅरेजात ढकलायला हरकत नाही. रस्त्यावर नाही.

अर्धा_क्लच

चावी बायकोकडे दिली. तिने विचारलं, परत कधी द्यायची?

तेलकट_हात

वितरक परत येईपर्यंत तरी नको. आणि चाकाच्या कमानीतलं आतलं अस्तर काढताना फोटो काढत जा, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत.